लेवांडोव्स्की चार आठवडे बाहेर बसला होता

मंगळवारी रात्री सव्वाअकराला ताईने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. वर दोन पणत्या, खाली जोडलेले हात आणि मधे पोलंडचा स्ट्रायकर रॉबर्ट लेवांडोव्स्की याची 'डोळ्यांत पाणी आणणारी सत्यकथा'. असले फॉरवर्ड मी एरवी न वाचताच अंगठ्याने वर ढकलतो. हा वाचावा लागला. कारण बुधवारी पहाटे माझा सोळा वर्षांचा भाचा सुजलेल्या गुडघ्यावर क्रेप बँडेज करकचून सरावाला गेला आणि साडेसातला मित्राच्या गाडीवर मागे बसून, एक पाय लांब करून परत आला. लिगामेंट ताणलंय, तीन आठवडे पळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून पाच दिवस झाले होते. विचारलं तर म्हणाला, "लेवांडोव्स्की पण खेळलाय की, मामा. आईनंच वाचून दाखवलंय."

आम्ही कोल्हापूरचे. आमच्या पेठेत तालमींच्या फुटबॉल मॅचवरून भावाभावांत आठ-आठ दिवस अबोला असतो. आमच्या आईला, म्हणजे भाच्याच्या आजीला, ऑफसाइड कळतो. अशा घरात चौघांनी या फॉरवर्डखाली टाळ्या वाजवल्या, म्हणून माझी चिडचिड जरा जास्तच झाली. ज्यांना हा प्रसाद अजून मिळाला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात मजकूर सांगतो.

रॉबर्ट अनाथ होता. झोपडीत वाढला. पायात बूट नव्हते. शाळा सुटली. त्याच्या पहिल्या क्लबने गुडघा मोडलेला पाहून त्याला हाकलून दिलं. डॉक्टर म्हणाले, 'तू पुन्हा कधी चालणार नाहीस.' त्याने पायाची पट्टी काढून फेकली आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानावर उतरला. 'त्यानंतर आयुष्यात त्याने एकही दिवस विश्रांती घेतली नाही.' पुढे, ज्या क्लबने हाकललं त्याच क्लबला त्याने ९ मिनिटांत ५ गोल मारून सूड घेतला. रियल माद्रिदला एकट्याने चार गोल मारले. पोलंडचा म्हणून त्याला बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, नाकारला, तेव्हा मेस्सीने भर व्यासपीठावर स्वतःची ट्रॉफी त्याच्या हातात ठेवली. त्याच्या ताकदीचं रहस्य म्हणजे तो जेवणाआधी गोड खातो. आणि शेवटी ठळक अक्षरांत: 'वेदना हा फक्त बहाणा असतो. आपल्या मुलांना जरूर वाचून दाखवा.'

ताईने वाचून दाखवलं.

यात एक मुद्दा पूर्ण खरा आहे, दोन-तीन अर्धे खरे आहेत आणि बाकी सगळी फेकाफेक. क्रमाने जात नाही. ज्याने आमच्या घरात पाय सुजवला त्या मुद्द्यापासून सुरू करतो.

'एकही दिवस विश्रांती घेतली नाही.'

२८ मार्च २०२१. वर्ल्ड कप पात्रता फेरीत पोलंडची अँडोराशी मॅच होती. अँडोरा म्हणजे अगदी चिमुकला देश. पोलंड ३-० ने जिंकलं, लेवांडोव्स्कीने दोन मारले आणि त्याच मॅचमध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट ताणलं. भाच्याचाही उजवाच, म्हणून हे वाचताना तो जरा सावरून बसला. पोलंडच्या फुटबॉल संघटनेने आधी सांगितलं की अशा दुखापतीला साधारण पाच ते दहा दिवस लागतात. तीन दिवसांनी वेम्बलीवर इंग्लंडशी मॅच होती. ती त्याच्याविना झाली आणि पोलंड २-१ ने हरलं. मग म्युनिकला त्याच्या तेव्हाच्या क्लबच्या, बायर्नच्या, डॉक्टरांनी गुडघा तपासला. क्लबने अधिकृतपणे कळवलं: सुमारे चार आठवडे खेळणार नाही.

हे नेमकं कोणत्या वेळी झालं ते लक्षात घ्या. जर्मन लीगमध्ये एका मोसमात सर्वाधिक गोलांचा विक्रम गेर्ड म्युलरच्या नावावर होता. १९७१-७२ मधले ४० गोल. एकोणपन्नास वर्षं त्या आकड्याला कुणाचा हात लागला नव्हता. लेवांडोव्स्कीचे तेव्हा ३५ झाले होते आणि मोसमाच्या आठ मॅच बाकी होत्या. विक्रम मोडायला सहा गोल हवेत, वय बत्तीस. अशी संधी पुन्हा येईल याची खात्री कुणी दिली होती? शिवाय चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची, उपांत्यपूर्व फेरी तोंडावर, समोर पॅरिस सेंट-जर्मेन, ज्यांना आदल्या ऑगस्टमध्ये लिस्बनच्या फायनलमध्ये बायर्नने हरवलं होतं. म्हणजे 'पट्टी काढून फेकायला' याहून चांगला मुहूर्त कुठल्या खेळाडूला मिळणार?

त्याने पट्टी फेकली नाही. तो बाहेर बसला. लीगच्या चार मॅच गेल्या: लाइपझिग, उनियन बर्लिन, वोल्फ्सबुर्ग, लेव्हरकुसेन. पॅरिसविरुद्धच्या दोन्ही मॅच गेल्या. म्युनिकमध्ये बायर्न २-३ ने हरलं, पॅरिसमध्ये १-० ने जिंकलं, एकूण ३-३, आणि परक्या मैदानावरच्या गोलांच्या तेव्हाच्या नियमाने (बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल मारणारा पुढे) स्पर्धेबाहेर. तो असता तर बायर्न पुढे गेलं असतं असं मलाही वाटतं. त्याच्या विश्रांतीची किंमत क्लबने चॅम्पियन्स लीगने मोजली. तरीही कुणी त्याला इंजेक्शन टोचून मैदानावर ढकललं नाही.

२४ एप्रिलला तो माइन्झविरुद्ध परतला. बायर्न हरलं, पण भरपाईच्या वेळेत त्याने एक गोल केलाच. ३६. मग बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाखविरुद्ध तीन. ३९. फ्रायबुर्गमध्ये पेनल्टीवर ४०. तिथे त्याने जर्सी वर केली, आत गेर्ड म्युलरचं चित्र असलेला बनियन होता. सहकाऱ्यांनी दोन रांगा करून त्याला मधून चालवलं. म्युलर तेव्हा स्मृतिभ्रंशाने आजारी होता, त्याच ऑगस्टमध्ये तो गेला. आणि २२ मेला, मोसमाच्या शेवटच्या मॅचमध्ये, आउग्सबुर्गविरुद्ध ८९ मिनिटं गेली तरी ४१ वा होत नव्हता. नव्वदाव्या मिनिटाला सहकारी सानेचा फटका गोलकीपरच्या हातून सुटला, लेवांडोव्स्की तिथे पोचला, गोलकीपरला वळसा घालून चेंडू आत सरकवला. गोलकीपर होता रफाउ गिकिएविच, तोही पोलंडचाच. फॉरवर्डवाल्याला हे माहीत असतं तर यातूनही त्याने एक सूड काढला असता.

आता बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मन लीगच्या, अधिकृत नोंदीतली एकच ओळ सांगतो. बाकी सगळं विसरलात तरी चालेल. २०२०-२१ चा मोसम: लीगच्या ३४ मॅच, लेवांडोव्स्की खेळला २९, गोल ४१. पाच मॅच तो खेळला नाही. चार गुडघ्यामुळे. पाचवी ऑक्टोबरमध्ये कोलोनविरुद्धची होती, तेव्हा त्याला काही झालेलं नव्हतं, कोचने नुसती विश्रांती दिली होती. धडधाकट असताना! म्युलरने चाळीस गोल ३४ मॅचमध्ये केले होते, याने एक्केचाळीस २९ मध्ये. ज्या वर्षी तो सर्वांत जास्त गोल मारून गेला, त्याच वर्षी तो महिनाभर घरी होता. 'एकही दिवस विश्रांती नाही' हे वाक्य कुठल्याही खेळाडूबद्दल खोटंच असतं, पण याच्याबद्दल ते लिहायला विशेष हिंमत लागते.

भाच्याचं म्हणणं, "त्याच्याकडं दहा फिजिओ असतील की." असतील. म्हणजे दहा फिजिओ असूनही चार आठवडे लागले. तुझ्याकडे फ्रीजमधली मटारची पिशवी आहे.

आता नाइलाजाने एक कबुली. दुखापत घेऊन तो कधी खेळलाच नाही, असं मी म्हणू शकत नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये जर्मन कपच्या सेमीफायनलमध्ये त्याची डॉर्टमुंडच्या गोलकीपरशी टक्कर झाली. नाक आणि वरचा जबडा मोडला, डोक्यालाही मार बसला. आठ दिवसांनी तो चेहऱ्यावर मास्क लावून बार्सिलोनात खेळला. ते फोटो खरे आहेत, आणि फॉरवर्डमध्ये त्यातला एक आहे. पण नाक-जबड्यावर पळायचं नसतं. सांध्याची गोष्ट वेगळी. शिवाय डोक्याला मार बसल्यावर आठ दिवसांत उतरवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. त्या मॅचमध्ये बायर्न ३-० ने हरलं, हे फॉरवर्डवाल्याने सोयीने गाळलंय.

'डॉक्टर म्हणाले, तू पुन्हा चालणार नाहीस.' हा डॉक्टर हिंदी सिनेमातला आहे, चष्मा काढून 'अब सब उपरवाले के हाथ में है' म्हणणारा. खरी घटना अशी: २००६ मध्ये वॉर्साच्या लेगिया क्लबने त्याला सोडून दिलं. तो त्यांच्या दुसऱ्या संघात होता, वय सतरा, तब्येत काडीसारखी, दुखापतीतून सावरत होता. क्लबने करार पुढे वाढवला नाही. वाईट झालं, हे खरंच. वर्षभरापूर्वी वडील गेले होते, त्यात हे. इतकी गोष्ट पोटात कालवायला पुरेशी नाही का? तर नाही. म्हणून त्याला कायमचा पांगळा करायचा.

बरं, पुन्हा चालणारच नाही अशा पोराला दुसरा क्लब कशाला सही करून घेईल? झ्निच प्रुशकुफ नावाच्या, वॉर्साजवळच्या छोट्या गावातल्या क्लबने त्याला घेतलं. पोलंडच्या तिसऱ्या दर्जाची लीग. पहिल्याच मोसमात १५ गोल, लीगमध्ये सर्वाधिक, संघ वरच्या दर्जात. दुसऱ्या मोसमात २१, तिथेही सर्वाधिक. मग २००८ मध्ये लेख पोझ्नान. (हसू नका, क्लबचं नावच तसं आहे.) तिथे २०१० मध्ये लीगचं विजेतेपद आणि १८ गोल, पुन्हा पहिला नंबर. तिसऱ्या दर्जातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पहिल्या, आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्यात जास्त गोल. या पायऱ्या फॉरवर्डमध्ये नाहीत. तिथे हाकललं आणि लगेच ९ मिनिटं.

या ९ मिनिटांवर मला जरा थांबावं लागेल, कारण इथे फॉरवर्डने कळस गाठलाय.

'ज्या क्लबने हाकललं त्याच क्लबला ९ मिनिटांत ५ गोल.' अहो, ती मॅच वोल्फ्सबुर्गविरुद्ध होती. वोल्फ्सबुर्ग जर्मनीत आहे, मोटारींच्या कारखान्याचं गाव. त्यांनी लेवांडोव्स्कीला कधी घेतलंच नव्हतं, तर हाकलणार कुठून? लेगिया वॉर्साचा, देश वेगळा, लीग वेगळी. हे म्हणजे सांगलीच्या मामलेदाराने त्रास दिला म्हणून सोलापूरच्या मामलेदाराला बडवण्यासारखं झालं.

झालं होतं ते असं. २२ सप्टेंबर २०१५, म्युनिक. पहिल्या अर्ध्यात लेवांडोव्स्की बाकावर. हो, बाकावर! बायर्न ०-१ ने मागे. मध्यंतरानंतर कोच ग्वार्दिओलाने त्याला थियागोच्या जागी उतरवलं. ५१ व्या मिनिटाला पहिला. ५२ व्या मिनिटाला लांबून जमिनीसरसा दुसरा. ५५ व्या मिनिटाचा तिसरा भाच्याला मी तीन वेळा मागे नेऊन दाखवला: पहिला फटका खांबाला लागला, परत आला, दुसरा अडवला गेला, परत आला, तिसऱ्या वेळी आत. हा माणूस एकाच जागी तीनदा मारतो आणि मधे एकदाही डोक्याला हात लावत नाही. आमच्याकडे पहिला खांबाला लागला की पोरं आधी रेफरीकडे, मग आकाशाकडे बघतात. ५७ व्या मिनिटाला डग्लस कोस्ताच्या क्रॉसवर चौथा. ६० व्या मिनिटाला गॉत्झेने उजवीकडून उचलून दिलेला चेंडू त्याने हवेत आडवा होऊन मारला, पाचवा. त्यानंतर कॅमेरा ग्वार्दिओलावर गेला. तो दोन्ही हात डोक्याला लावून उभा होता, घरात चोरी झालेल्या माणसासारखा. पहिल्या ते पाचव्या गोलात ८ मिनिटं ५९ सेकंद. गिनेसने त्या एका मॅचसाठी बुंडेसलिगाचे चार विक्रम नोंदवले: सर्वांत जलद तीन, चार आणि पाच गोल, आणि बदली खेळाडूचे सर्वाधिक गोल.

बदली खेळाडू. म्हणजे जो अर्धी मॅच बसला होता. 'कधीच बसला नाही' म्हणणाऱ्या फॉरवर्डमध्येच हा विक्रम मिरवलाय.

फोटोचंही ऐका. फॉरवर्डमध्ये लेवांडोव्स्की गवतावर पडून रडतोय आणि खाली लिहिलंय, 'क्लबने हाकलल्यावर रडणारा रॉबर्ट'. सतरा वर्षांच्या पोराला डोळ्यांभोवती सुरकुत्या कशा, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. तो फोटो कतारमधल्या वर्ल्ड कपचा आहे, २६ नोव्हेंबर २०२२, सौदी अरेबियाविरुद्ध. वय चौतीस. रडण्याचं कारण बरोब्बर उलटं: तो त्याचा वर्ल्ड कपमधला पहिला गोल होता. २०१८ मध्ये रशियात तीन मॅच खेळून एकही नाही. कतारमध्ये पहिल्याच मॅचला मेक्सिकोविरुद्ध पेनल्टी मिळाली, ती गोलकीपर ओचोआने अडवली. चार दिवसांनी हा गोल झाला आणि त्याचा बांध फुटला. दोन वर्ल्ड कप, सात मॅच, दोन गोल. दुसरा फ्रान्सविरुद्ध, तोही पेनल्टी पुन्हा घ्यायला मिळाली म्हणून. जगातल्या सर्वोत्तम स्ट्रायकरच्या कारकिर्दीतली ही खरी सल. ती सांगायची तर त्याला अपयशी म्हणावं लागतं, आणि पणत्यांच्या फोटोत अपयश बसत नाही.

बाकीचे मुद्दे भराभर उरकतो.

अनाथ आणि झोपडी: वडील क्रिस्टॉफ ज्युडोतले विजेते, आई इवोना व्हॉलीबॉल खेळाडू आणि शाळेत खेळाची शिक्षिका, बहीण मिलेना व्हॉलीबॉलमध्येच. वॉर्साजवळच्या लेश्नो गावातलं खेळाडूंचं घर. बूट होते, गाडी होती, वडील त्यातून शहरात सरावाला नेत-आणत. मुलगा पुढे परदेशात खेळला तर लोकांना नाव सोपं जावं म्हणून त्यांनी 'रॉबर्ट' ठेवलं, असं सांगतात. तो सोळाचा असताना ते गेले, त्याला व्यावसायिक खेळाडू झालेलं त्यांनी पाहिलं नाही. अनाथ म्हणून आईला मारून टाकण्याची काही गरज नव्हती.

शाळा सुटली: २०१७ मध्ये, बायर्नकडून खेळत असताना, त्याने वॉर्सात शारीरिक शिक्षणाची पदवी पूर्ण केली. प्रबंधाचा विषय स्वतःची कारकीर्द. आता हे जरा अतीच झालं, मार्गदर्शकाला काय प्रश्न विचारायचे तेही सुचलं नसेल. पण पदवी आहे. भाचा दहावीच्या प्रिलिमच्या वेळीही 'फुटबॉलवाले कुठं शिकतात' म्हणाला होता, म्हणून हे मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं.

रियल माद्रिदला चार गोल: हा तो एकमेव खरा मुद्दा. २४ एप्रिल २०१३, डॉर्टमुंड (तेव्हा तो तिथल्या क्लबकडून खेळायचा), चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, ४-१, चारही त्याचे, समोर मोरिन्योचा संघ. इथे माझं काही म्हणणं नाही, टाळ्या वाजवा. पुढच्याच जानेवारीत त्याने डॉर्टमुंड सोडून त्यांच्या सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्ध्याशी, बायर्नशी करार केला आणि डॉर्टमुंडचा करार संपताच फुकटात निघून गेला, हेही जोडायला हवं होतं. डॉर्टमुंडमध्ये हा फॉरवर्ड कुणी कुणाला पाठवत नसणार.

बॅलन डी'ओर: इथे दोन वर्षांची खिचडी झालीय. २०१९-२० मध्ये त्याने सगळ्या स्पर्धा मिळून ४७ मॅचमध्ये ५५ गोल केले. बायर्नने लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही जिंकले, आणि तिन्हींत सर्वाधिक गोल याचे. त्या वर्षी 'फ्रान्स फुटबॉल' नियतकालिकाने करोनाचं कारण देऊन पुरस्कारच रद्द केला. १९५६ पासून पहिल्यांदा. म्हणजे 'पोलंडचा म्हणून नाकारला' हे खोटं. पण त्याच्यावर अन्याय झाला हे खरं, आणि मला विचाराल तर मोठा अन्याय. जुलैमध्ये घाईघाईने रद्द करून टाकला, तेव्हा चॅम्पियन्स लीग पूर्ण व्हायची होती. २०२१ मध्ये मेस्सी ६१३ गुण, लेवांडोव्स्की ५८०. मेस्सीने व्यासपीठावर सांगितलं की गेल्या वर्षीचा पुरस्कार रॉबर्टचा होता आणि तो त्याला मिळायला हवा. सांगितलं. स्वतःची ट्रॉफी मात्र तो घरी घेऊन गेला. हातात ठेवली वगैरे काही नाही. फिफाचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मात्र २०२० आणि २०२१, दोन्ही वेळा लेवांडोव्स्कीला मिळालाय.

मला खरा राग कशाचा येतो सांगू? या माणसाची खरी कहाणी इतकी चमत्कारिक आहे की खोट्याची गरजच नव्हती. २०१० मध्ये तो इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे जायच्या बेतात होता. मैदान, गाव बघायला निघणार, तेवढ्यात आइसलँडमध्ये ज्वालामुखी फुटला. राखेच्या ढगामुळे युरोपभर विमानं जमिनीवर. ब्लॅकबर्नची चक्कर रद्द झाली आणि तो डॉर्टमुंडला गेला. तिथे दोन वर्षांत दोन विजेतेपदं, २०१२ च्या कप फायनलमध्ये बायर्नविरुद्ध हॅटट्रिक. मग बायर्नची आठ वर्षं, ३७५ मॅचमध्ये ३४४ गोल, लीगची आणखी आठ विजेतेपदं. मग चौतिशीच्या उंबरठ्यावर बार्सिलोना, आणि पहिल्याच मोसमात स्पेनमध्ये सर्वाधिक गोल. नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅम्पियन्स लीगचा शंभरावा गोल. त्याच्याआधी हे फक्त रोनाल्डो आणि मेस्सीला जमलं होतं. छत्तीस वर्षांच्या गुडघ्यांवर. बत्तिसाव्या वर्षी चार आठवडे नीट बरे होऊ दिलेले गुडघे, हे माझं पदरचं.

ज्वालामुखी खरा असताना फॉरवर्डवाल्याला झोपडी सुचावी!

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. जरा लांबलं, मान्य. काकांनी हात जोडलेला इमोजी पाठवला, म्हणजे वाचलं नाही. ताईने अर्ध्या तासाने फोन केला. "चांगला हेतू होता रे माझा," म्हणाली. हेतू चांगला होता हे मलाही माहीत आहे. पोरगं पाच दिवस खोलीत तोंड पाडून बसलं होतं, त्याला उभारी यावी म्हणून तिने वाचलं. पण मग ते २९ मॅचवालं वाच की. तिने ते वाचून दाखवलं की नाही ते तिने सांगितलं नाही. आज सकाळी मात्र भाच्याचे बूट गॅलरीत उन्हात वाळत होते आणि तो घरात होता. खुर्चीवर पाय ठेवून त्या पाच गोलांचा व्हिडिओ पुन्हा बघत होता. तिसऱ्या गोलावर थांबवून मला म्हणाला, "मामा, हा बघ, पडला नाही एकदा पण."

राहिला जेवणाआधी गोड खाण्याचा मुद्दा. तो मी मुद्दाम वगळला होता, पण आजीने बरोबर पकडला. ग्रुपवर तिचा आवाजी मेसेज आला: "बाकीचं राहू दे, ते गोडाचं खरं का खोटं तेवढं सांग." बायको अ‍ॅना कराटेतली, आहाराचा अभ्यास असलेली, तिच्या सल्ल्याने तो पानात आधी गोड घेतो अशा बातम्या बऱ्याच वर्षांपासून आहेत. तसं मी कळवलं. काय करणार? रविवारी ताईकडे जेवायला गेलो. पानात मीठ-लिंबू वाढायच्या आधी श्रीखंड आलं, आणि पहिलं पान आजीने स्वतःसाठी ओढून घेतलं.